महालातील चौकट आणि १८६ फोटो

नागपूरच्या गणेशपेठ बसस्थानकावर आम्ही आणि अम्मी उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. अमरावतीहून पहाटेची एसटी धरली होती. रिक्षावाल्याने विचारले, "कुठे जायचे?" आमच्या आधी अम्मीच बोलल्या, "महाल. जुम्मा दरवाजा." रिक्षावाला तरुण होता, गोंधळला. आम्ही "गांधी गेट" म्हटले तेव्हा त्याने रिक्षा सुरू केली.

अम्मी ७४ वर्षांच्या. त्यांचे बालपण महालात गेले. लग्न होऊन त्या अमरावतीला आल्या, पुढे नाना-नानी अल्लाहला प्यारे झाले, मामूंनी जाफरनगरला बिऱ्हाड हलवले, आणि महाल आमच्या घरात फक्त गोष्टींपुरता उरला. जानेवारीत मामूंचा फोन आला, "आपा, ते जुने घर महिन्याभरात पाडणार आहेत. बघायचे असेल तर येऊन जा." त्या रात्री अम्मी नीट जेवल्या नाहीत. रविवारी निघायचे ठरले. आम्ही भावाकडून त्याचा डिजिटल कॅमेरा मागून घेतला. मोबाईलवरचे फोटो मोबाईलमध्येच राहतात. आम्हाला मोठ्या प्रिंट काढून भिंतीवर लावायच्या होत्या.

"आधी घर, मग बाकीचे," अम्मींनी बजावले होते. म्हणून कॅमेरा पिशवीतून निघाला तो थेट गल्लीच्या तोंडाशी.

नाना जिल्दसाज होते. शाळांची मस्टरे, दुकानदारांच्या खतावण्या, मोहल्ल्यातले कुरआन शरीफ, शेजारच्या घरातली ज्ञानेश्वरी, सगळे त्यांच्या शिकंज्याखालून जाई. घर म्हणजे समोर कामाची खोली, मागे स्वयंपाकघर आणि वर माळा. आता कौले उतरवलेली होती, विजेचे मीटर काढून नेलेले होते, आत विटांचा ढीग पडला होता. सागवानी दाराची चौकट मात्र जागेवर होती. अम्मींनी चौकटीवर हात ठेवला. आम्ही बटण दाबले. तो दुसरा की तिसरा फोटो असेल.

समोरच्या ओट्यावरून एका वृद्ध बाईंनी हाक मारली, "कोणाकडे आल्या जी?" अम्मींनी नानांचे नाव सांगितले. बाई उठून जवळ आल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "तू त जिल्दवाल्या भाईची पोरगी होय!" मग चहा झाला, जुनी नावे निघाली, कोण कुठे गेले त्याची उजळणी झाली. निघताना बाई म्हणाल्या, "फोटो पाठवजो मले." आम्ही हो म्हटले.

तिथून पुढे आम्ही महाल पायी हिंडलो. बडकस चौकात तर्री-पोहे खाल्ले. कोतवालीकडून चिटणीस पार्ककडे गेलो, भोसल्यांचा वाडा पाहिला, गांधी गेटच्या कमानीखाली उभे राहिलो आणि शेवटी शुक्रवारी तलावाच्या काठी बसलो. सरकारी नाव गांधीसागर, पण अम्मींच्या तोंडी तो जुम्मा तलावच. जाणाऱ्या-येणाऱ्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे, पण या गावाची सुरुवात देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्यापासून होते. तो दिल्ली दरबारी गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला, आणि परत आल्यावर छोट्या-छोट्या वाड्या एकत्र करून नागपूर वसवले. शहराचे वय मोजताना १७०२ हे साल धरतात. त्याचा वारस चांद सुलतान याने देवगड सोडून इथे राजधानी केली आणि गावाला तट घातला. जुम्मा तलाव आणि जुम्मा दरवाजा त्याच काळातले. १७३९ मध्ये तो वारला, घरात वारशाचे तंटे झाले आणि त्यातून रघुजी भोसल्यांचे राज्य आले. भोसल्यांनी काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकडाचा मोठा राजवाडा बांधला. १८५४ मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि १८६४ मध्ये तो राजवाडा जळाला. मोठा दरवाजा तेवढा शिल्लक राहिला, असे जुने गॅझेटियर सांगते.

अम्मी हे ऐकून एवढेच म्हणाल्या, "म्हणजे राजाचेही दारच उरले."

संध्याकाळच्या गाडीने परतलो. कॅमेऱ्यात १८६ फोटो होते.

घरी पोचल्यावर, थकलेले असतानाच, आम्ही कार्ड काढले, कार्ड रीडरमध्ये घातले आणि सगळे फोटो निवडून कॉम्प्युटरवर 'महाल' नावाच्या फोल्डरमध्ये हलवले. हलवले म्हणजे कट करून पेस्ट केले. कार्ड रिकामे होईल, भावाला परत देता येईल, हा विचार. फोल्डरमध्ये छोटी चित्रे ओळीने दिसली. समाधानाने झोपलो. सकाळी कार्ड कॅमेऱ्यात घालून कॅमेरा भावाकडे पाठवला. दिवस संक्रांतीचे होते. भावाच्या मुलाने गच्चीवरून पतंगांचे १३ फोटो काढले.

त्या संध्याकाळी अम्मींना फोटो दाखवायला बसलो. चौकटीचा फोटो मोठा केला आणि हात थांबला. वरचा अर्धा भाग ठीक, खालचा सगळा राखाडी. दुसरा उघडला तर मधूनच गुलाबी-हिरवे पट्टे. तिसरा उघडेचना, फाइल खराब असल्याची पाटी आली. गंमत अशी की फोल्डरमधली छोटी चित्रे अजूनही धडधाकट दिसत होती. अम्मींना वाटले आम्ही काहीतरी चुकीचे बटण दाबतो आहोत. त्या म्हणाल्या, "परत एकदा बघ." आम्ही परत एकदा पाहिले. तेच.

घर तोवर पाडायला घेतले होते. मामूंनी दुपारीच कळवले होते. पुन्हा जाऊन फोटो काढू, असे म्हणायचीही सोय नव्हती.

आमचा एक जुना विद्यार्थी लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. दहावीला आमच्याच विषयात काठावर पास झाला होता. रात्री त्याला फोन लावला. त्याचा पहिला प्रश्न होता, "कार्ड कुठे आहे?" आम्ही सांगितले, कॅमेऱ्यात, भाच्याकडे. "आत्ताच्या आत्ता काढायला सांगा. त्यावर आता एकही फोटो काढू नका, काही पुसू नका. कॉम्प्युटर फॉरमॅट करू का विचारेल, तर नाही म्हणा. कार्डाच्या कडेला बारीक खटका आहे, तो लॉककडे सरकवा." भाऊ अर्ध्या तासात कार्ड घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी त्या विद्यार्थ्याने आम्हाला शिकवले. धडा आमच्या भाषेत असा. शाळेच्या मस्टरवरून एखाद्या मुलाचे नाव खोडले म्हणून तो मुलगा बाकावरून उठत नाही. त्या जागेवर दुसरा येऊन बसतो, तेव्हा पहिला उठतो. कार्डाचेही तसेच असते. फोटो कट केला किंवा पुसला की कार्डाच्या यादीत ती जागा मोकळी म्हणून नोंदली जाते, पण फोटोचा मजकूर तिथेच असतो. नवा फोटो त्या जागेवर लिहिला गेला की जुना खरोखर जातो. म्हणजे आमचे १८६ फोटो कार्डावर अजून बसलेले होते, फक्त पतंगांच्या १३ फोटोंनी ज्यांच्या जागा घेतल्या ते सोडून.

यादीवर भरवसा न ठेवता बाकावर कोण बसले आहे ते एकेक करून पाहणारे प्रोग्रॅम मिळतात. त्याने वापरला तो फोटोरेक. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच माणसाने लिहिलेला हा प्रोग्रॅम मोफत आहे. जेपेग फोटोची सुरुवात एका ठरलेल्या खुणेने होते. हा प्रोग्रॅम कार्डाच्या पहिल्या कोपऱ्यापासून शेवटपर्यंत ती खूण शोधत जातो आणि जिथे सापडेल तिथून फोटो उचलतो. उचललेले फोटो त्याच कार्डावर ठेवायचे नाहीत, कॉम्प्युटरवर ठेवायचे, नाहीतर वाचवता वाचवता आपणच नवे विद्यार्थी बाकावर बसवू. फोटोंची जुनी नावे येत नाहीत, आकड्यांची नवी नावे मिळतात. पण काढल्याची तारीख आणि वेळ प्रत्येक फोटोच्या पोटातच लिहिलेली असते, त्यावरून क्रम लावता येतो.

अर्धा-पाऊण तास पडद्यावर आकडे पळत राहिले. अम्मी खुर्ची ओढून शेजारी बसल्या होत्या, तसबीह हातात. शेवटी मोजले: १७४ फोटो पूर्ण, स्वच्छ. बडकस चौक आला, भोसल्यांचा वाडा आला, जुम्मा तलावाकाठी पाय सोडून बसलेल्या अम्मी आल्या. प्रवासाआधी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट केले होते, म्हणून फोटो एकापाठोपाठ सलग लिहिले गेले होते आणि अखंड मिळाले. जुन्या, भरून-पुसून वापरलेल्या कार्डावर एकच फोटो तुकड्या-तुकड्यांनी लिहिलेला असू शकतो, मग तो जोडणे अवघड जाते.

गेले ते १२ फोटो पहिले होते. "आधी घर," असे अम्मी म्हणाल्या होत्या. गल्ली, ओटा, कामाची खोली, चौकट, सगळे त्या बारांत. त्यांच्या जागी आता पतंग होते.

आता त्या बारांसाठी कॉम्प्युटरवरच्या आधीच्या प्रती तेवढ्या हातात राहिल्या. त्यांतल्या पाच नशिबाने चांगल्या होत्या. सात खराब. आमचा प्रश्न साधा होता, कार्ड चांगले असताना प्रती खराब झाल्याच कशा? विद्यार्थ्याने आमचा कार्ड रीडर मागून घेतला. स्वतःच्या एका कार्डावरचा एकच फोटो त्याने त्या रीडरमधून तीनदा कॉपी केला, प्रत्येक वेळी कार्ड काढून पुन्हा घालून. तिन्ही प्रती बिघडल्या, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी. मग स्वतःच्या रीडरमधून तीनदा कॉपी केला. तिन्ही चांगल्या. "हे बघा," तो म्हणाला, "दर वेळी एकाच जागी बिघडला असता तर दोष कार्डाचा किंवा फोटोचा. दर वेळी वेगळ्या जागी बिघडतो म्हणजे दोष वाटेतला, रीडरचा, केबलचा, कधी कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेचा." आमचा रीडर बसस्थानकाजवळच्या एका टपरीवरून घेतलेला, वर्षभर ड्रॉवरमध्ये पडलेला. कार्ड त्यात सैल बसत होते, हे आम्हालाही दिसत होते. बघूनही वापरला.

ही कसोटी आम्ही वाचकांसाठी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण बहुतेक जण इथेच घाबरतात. कॉम्प्युटरवर फोटो खराब दिसला की आधी कार्ड कॅमेऱ्यात घालून तोच फोटो पाहावा. नुसता पाहू नये, मोठा करून पाहावा, कारण छोटे चित्र फोटोत वेगळे साठवलेले असते आणि मूळ फोटो बिघडला तरी ते चांगले दिसू शकते. आम्ही याच छोट्या चित्रांना भुलून झोपलो होतो. कॅमेऱ्यात मोठा केल्यावर फोटो चांगला असेल तर घाबरू नये; रीडर, केबल, खाच बदलून पुन्हा कॉपी करावा. कॅमेऱ्यातही खराब असेल तर दोष कार्डाचा, किंवा फोटो लिहिला जात असताना बॅटरी संपल्याचा, कार्ड ओढून काढल्याचा. बाजारात खोट्या मापाची कार्डेही मिळतात. वर ६४ जीबी छापलेले आणि आत जागा ८ जीबीची. तेवढी जागा भरेपर्यंत सगळे ठीक चालते, पुढचे फोटो मात्र नुसते नावाला उरतात. स्वस्तात मिळालेले नवे कार्ड वापरण्याआधी पूर्ण भरून तपासावे. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचा मोफत प्रोग्रॅम हे काम करतो.

आणि आमची मुख्य चूक? कट. कट करताना प्रत्येक फोटो पलीकडे पोचला की अलीकडचा पुसला जातो. पोचलेला धड आहे का, हे कोणी पाहत नाही. म्हणून कॉपीच करावी. मग फोल्डरमधले पाच-दहा फोटो, सुरुवातीचे, मधले, शेवटचे, पूर्ण उघडून बघावेत. दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवावी. कार्ड काढण्याआधी 'सुरक्षितपणे काढा' हे बटण दाबावे. इतके झाल्यावर कार्ड रिकामे करावे, तेही कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून. चार-पाच मिनिटांचे काम आहे. ती मिनिटे आम्ही त्या रात्री वाचवली होती.

सात खराब फोटोंतला चौकटीचा फोटो आम्ही विद्यार्थ्याला वेगळा दाखवला. त्याने सांगितले, असे फोटो बहुधा वरून खाली, ओळी-ओळींनी लिहिलेले असतात. जिथे मजकूर बिघडतो तिथून खालचे चित्र जाते, वरचे टिकते. त्या फोटोत वरचे टिकले होते: चौकटीचा माथा, त्यावरची जुनी खिळ्यांची रांग, अम्मींचा चेहरा आणि चौकटीवर ठेवलेला हात. छातीपासून खाली राखाडी. आम्ही विचारले, खालचे परत आणता येईल का? तो म्हणाला, "हल्ली प्रोग्रॅम भरून देतात. पण ते अंदाजाने काढलेले चित्र असेल, तुमच्या अम्मी नसतील." आम्ही नको म्हटले.

मग त्याने एक गोष्ट केली. फोटोच्या पोटातले ते छोटे चित्र त्याने बाहेर काढले. १६० बाय १२०, पोस्टाच्या तिकिटाहून थोडे मोठे. त्यात फोटो पूर्ण होता. मोठा केला की नुसते चौकोन दिसतात, पण आहे तेवढ्या आकारात पाहिले तर सगळे कळते. अम्मींनी चष्मा पुसून पडद्याजवळ तोंड नेले. उंबऱ्याच्या बाहेर दोन काळे ठिपके होते.

"या माझ्या चपला," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी आमच्या लक्षातच आले नव्हते. कौले नाहीत, जमीन उखडलेली, आत विटा आणि धूळ, घरात राहणारे कोणी नाही, तरी अम्मी उंबऱ्याशी चपला काढून आत गेल्या होत्या.

आम्ही दोन प्रिंट काढल्या. मोठ्या प्रिंटमध्ये वरचा अर्धा फोटो, राखाडी भाग कापून टाकलेला. तिच्या खालच्या कोपऱ्यात ते तिकिटाएवढे पूर्ण चित्र. एक अम्मींच्या खोलीत लावली. दुसरी फेब्रुवारीत मामूंच्या हाती महालात पाठवली, समोरच्या ओट्यावरच्या बाईंना. मामू म्हणाले, घराच्या जागी आता पत्रे लावले आहेत. बाईंनी प्रिंट घेतली, बराच वेळ पाहिली आणि विचारले, "चौकट नेली का कोणी?"

मामूंना ठाऊक नव्हते. अम्मींनी फोनवर ऐकले आणि म्हणाल्या, "विचारून बघ. मिळाली तर आण."